ताईचा डबा आणि दोन खात्यांचा नाका

आमच्या सोसायटीच्या मागच्या दारातून बाहेर पडलं, की डाव्या हाताला लष्कराचा रस्ता सुरू होतो. खोडांना चुना आणि गेरू फासलेली झाडं, कडेला रांगेत लावलेल्या पांढऱ्या विटा, आणि वाळकं पान पडलंच तर तेही परवानगी घेऊन पडल्यासारखं. पुण्यात इतका गुळगुळीत रस्ता दिसला की समजावं, हा आपला नव्हे, इथून आपल्याला फक्त जाऊ देतात. आणि देतात तोवर जाऊन घ्यावं.

त्या रस्त्याने माझ्या चालीने बारा मिनिटांवर ताईचं घर. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं वय सांगितलेलं तिला आवडत नाही, म्हणून एवढंच सांगते की मीच सत्तरी ओलांडली आहे. तिचे यजमान सुभेदार होते. निवृत्त झाल्यावर गावाकडे शेती वाट बघत होती, पण सकाळी बिगूल ऐकल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नसे. म्हणून त्यांनी लष्कराच्या भिंतीला खेटून असलेल्या एका जुन्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. ते गेले, ताई तिथेच राहिली. गल्लीचं दुसरं तोंड रेल्वेच्या फाटकाकडे उघडतं. तिकडून यायचं म्हणजे हमरस्ता, मग पूल, मग फाटक, आणि फाटकावर मालगाडी लागली तर ती अशी जाते, जणू तिलाही निवृत्तीचे वेध लागलेत. रिक्षावाल्याला ‘फाटकाच्या पलीकडे’ म्हटलं, की तो उत्तर न देताच पुढे जातो. त्यामुळे आमची भिस्त सगळी या लष्कराच्या रस्त्यावर.

भिस्त कशासाठी, तर डब्यासाठी. ताईला साखर आहे. दुपारी पावणेएकला ती स्वतःच पोटात इंजेक्शन टोचून घेते आणि सव्वाला मी डबा घेऊन हजर होते. सुई टोचून झाल्यावर जेवण नाही मिळालं तर रक्तातली साखर भराभर उतरते, माणूस घामाने निथळतो, भ्रमल्यासारखं बोलतो. त्याच्या पुढचं डॉक्टर सांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, पुरे, कळलं. ‘डबा आला की मग टोच’ असं मी तिला शंभरदा सांगितलं. पण सुभेदारांचं घर ते. घड्याळात पावणेएक वाजले की सुई आत. तिथे मी कोण?

स्वयंपाक ती करत नाही, म्हणजे मीच करू देत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलते. दोनदा गॅस चालू ठेवून झोपली, तेव्हा मी सिलिंडर परत केला. आणि एकदा तिच्या उशीखाली क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे सापडले, तेव्हा मी झडती घेतली. बिस्किटं, गूळ, साखरेचा डबा, चिक्कीसुद्धा, सगळं पिशवीत भरून घरी आणलं. ताई म्हणाली, “धाड घातलीस हो.” मी म्हटलं, “तुझ्या भल्यासाठीच.” भल्यासाठी झडती घेणारी मी काही एकटीच नव्हते, हे मला पुढच्या आठवड्यात दिसलं.

कारण मग ते सीमेवरचे दिवस आले. युद्ध होणार, नाही होणार, झालंच, थांबणार, असं टीव्ही दर तासाला नव्याने सांगत होता. सीमा कुठे, आम्ही कुठे. पण पुणेकर लढाईत मागे राहत नाही, फक्त ती घरबसल्या लढता आली पाहिजे. आमच्या अध्यक्षांनी सोसायटीची ‘संरक्षण समिती’ काढली. पहिल्या बैठकीत शत्रूवर पाच मिनिटं आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर दीड तास बोलणं झालं. बुधवार पेठेत बॅटऱ्यांसाठी झुंबड उडाली. आमच्या शेजारणीने तीन बॅटऱ्या आणल्या आणि सेल आणायचे विसरली. आमचे हे तर नकाशा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले. “आता इथून आत घुसायला पाहिजे,” ते मला बोटाने दाखवायला लागले. मी म्हटलं, “घुसा, पण आधी दळण आणून टाका.”

आणि त्याच आठवड्यात लष्कराच्या रस्त्याच्या तोंडाशी नाका बसला.

रस्त्यावर आडवी पांढरी रेषा मारली. रेषेच्या अलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत शहर पोलिसांचा शिपाई बसलेला. रेषेच्या पलीकडे, खुर्ची असूनही उभा, लष्करी पोलीस. लाल टोपी, पांढरा पट्टा, दंडावर एमपी लिहिलेली पट्टी, आणि पाठ अशी ताठ की पाठीमागे फळी बांधली असावी. बाजूच्या कठड्यावर पाटी लावली, ‘संयुक्त तपासणी नाका’. संयुक्त म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. दोघांची सावलीसुद्धा वेगवेगळी होती. शिपायाने चिंच धरली होती, लाल टोपीने कडुनिंब.

शिपाई हडपसरच्या पलीकडच्या, शहराने गिळलेल्या एका गावचा. बोलका होता. पहिल्या दिवशी त्यानेच मला सगळं समजावून सांगितलं.

“मावशी, सोपं हाय. फौजी असला तर तो बघणार, पब्लिक असली तर मी बघणार. फौजी समजा पिऊन पडला, तरी मी हात लावायचा नाय. अन् पब्लिकला त्यानं हात लावायचा नाय. रेषेच्या अलीकडं माझी हद्द, पलीकडं त्याची.”

“आणि दोघांच्या मधे काय?”

“मधे रेष,” तो म्हणाला.

“पण समोरचा फौजी की पब्लिक, हे तुला कळतं कसं? सगळेच काही गणवेशात नसतात.”

“केसांवरून,” तो म्हणाला. “बारीक केस दिसले की मी बाजूला होतो.”

मला वाटलं, गंमत करतोय. तर दुसऱ्याच दिवशी आमचे हे नवरोजी भाजी घेऊन तिकडून आले. उन्हाळा म्हणून त्यांनी केस अगदी टाळूलगत कापून घेतले होते. शिपायाने त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि सरळ लाल टोपीकडे ढकललं. लाल टोपीने खाड्कन टाच आपटली आणि विचारलं, “साब, यूनिट?”

आमचे हे छत्तीस वर्षं विमा कचेरीत कारकून होते. तिथे त्यांना ‘साहेब’ म्हणणारा फक्त चहावाला, तोही दिवाळीच्या आसपास. ते इतके गोंधळले की म्हणाले, “तिसरा मजला.”

घरी येऊन ते आरशासमोर किती वेळ उभे होते ते मी सांगणार नाही. रात्री जेवताना म्हणाले, “अगं, मला फौजी समजले.” मी म्हटलं, “समजले, पण भाजीच्या पिशवीतून शेपू लोंबत होता, एवढंही त्यांना दिसलं नाही. देशाचं काही खरं नाही.”

सुरुवातीचे दिवस शिपायाने मला सोडलं. रोज एक थालीपीठ त्याच्या हातावर ठेवायचे, तो मान वळवून झाडाकडे बघायचा, मी कठड्याच्या बाजूने निघून जायचे. पलीकडे लाल टोपी मला बघून न बघितल्यासारखं करायची, कारण मी पब्लिक, आणि पब्लिक त्याच्या खात्यात येत नव्हती. तेही पोरगंच होतं, उत्तरेकडचं. मी त्याच्यापुढेही एकदा थालीपीठ धरलं. “माताजी, ड्यूटी पर नहीं खाते,” तो म्हणाला, आणि थालीपीठाकडे असा बघत राहिला, की ड्यूटीची मला दया आली.

मग एक दिवस शिपाई खुर्चीतून उठला. तो उठला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलं.

“मावशी, वरून ऑर्डर आलीय. आता पासशिवाय कुणाला नाय.”

“बरं. पास कुठे मिळतो?”

“आमच्या चौकीत.”

चौकीत गेले. तिथले साहेब सभ्य होते, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, “आजी, रस्ता त्यांचा आहे ना? त्यांच्या ऑफिसचा फॉर्म आणा, आम्ही लगेच शिक्का देतो.” लष्कराच्या कचेरीत गेले. तिथेही सभ्य माणूस, त्याने पाणीसुद्धा दिलं. म्हणाला, “माताजी, फॉर्म देंगे. पहले सिविल पुलिस का वेरिफिकेशन लाइए।” परत चौकी, परत कचेरी. तिसऱ्या फेरीत मी दोघांना सांगितलं, की तुम्ही एकमेकांना एक फोन का करत नाही? चौकीतले साहेब म्हणाले, “तशी पद्धत नाही.” कचेरीतला म्हणाला, “ऐसा सिस्टम नहीं है।” भाषा वेगळ्या, चेहऱ्यावरचं समाधान मात्र अगदी सारखं. संयुक्त मला तेवढंच काय ते दिसलं.

सूनबाई म्हणाली, “आई, ॲपवरून डिलिव्हरी पाठवा ना.” पाठवली. डिलिव्हरीवाल्याला नाक्यावरून परत फिरवला, तो फाटकाच्या बाजूने गेला, आणि ताईने दार उघडलं नाही. का, तर टीव्हीवर सांगितलं होतं, अनोळखी माणसांपासून सावध राहा. तेवढे दिवस आमच्या ह्यांनीच अकराला निघून पूल-फाटकाच्या वळशाने डबा पोचवला, आणि मग कंबर धरून बसले.

शेवटी तोडगा शिपायानेच काढला. माणूस हुशार, चुकीच्या खुर्चीत बसला होता एवढंच. म्हणाला, “मावशी, तुम्ही पब्लिक. पण डबा कुणाचा?”

“सुभेदारांच्या बायकोचा.”

“मग डबा फौजी झाला. डब्याला मी अडवू शकत नाय.”

त्याने डबा माझ्या हातून घेतला, रेषेपर्यंत नेला आणि रेषेवर ठेवला. अगदी बरोब्बर रेषेवर, मधोमध. लाल टोपीने तो पलीकडून उचलला. मग वायरलेसवर कुणालातरी विचारलं. मग डबा उघडला. एकेक कप्पा काढून कठड्यावर मांडला. त्या दिवशी नेमकी मी भरली वांगी केली होती.

“माताजी, ये क्या है?”

“बैंगन.”

“अंदर क्या है?”

“दाणे का कूट, खोबरं, मसाला. तेरे को चाहिए क्या?”

माझं हिंदी कसं आहे ते मला माहीत आहे, हसू नका. त्याने चमच्याने एक वांगं दाबून पाहिलं. काहीच फुटलं नाही, ना वांगं, ना बॉम्ब. मग त्याने वहीत लिहिलं: बैंगन, भरा हुआ, चार नग. मला खालती सही करायला लावली. आयुष्यभर स्वयंपाक केला, पण माझ्या वांग्यांची सरकारदरबारी नोंद झाली ती तेव्हा पहिल्यांदा.

डबा घेऊन जायला मात्र तो जागचा हलू शकत नव्हता. ड्यूटी सोडायची नाही. मग आत जाणाऱ्या पाण्याच्या टँकरवर डबा ठेवायचा ठरलं. टँकर साधारण एकच्या सुमाराला जायचा, ताईच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, ताई काठी टेकत जाऊन डबा घ्यायची. तीन दिवस हे छान चाललं. ताई फोनवर म्हणाली, “आज तुझी पोळी लष्करी वाहनातून आली, तरी वातडच आहे.” मी खूश. वातड म्हणते आहे म्हणजे जेवते आहे.

चौथ्या दिवशी टँकर आलाच नाही.

एक वाजून गेला, सव्वा झाला. रेषेवर डबा, अलीकडे मी. लाल टोपीने वायरलेसवर विचारलं, तर टँकर लष्कराच्या दुसऱ्या दाराने गेला होता. “पानी उधर कम था, माताजी.”

“अरे, मग दुसरी कुठली गाडी?”

“अभी कोई नहीं।”

“मग मला जाऊ दे. पंधरा मिनिटांत जाते आणि येते. ती सुई टोचून बसली असेल, तिला आत्ता जेवायला लागतं.”

तो शिपायाकडे बघायला लागला. शिपाई माझ्याकडे. “मावशी, मला सगळं कळतंय,” तो म्हणाला. “पण मघाशीच साहेबांची गाडी फिरून गेली. माझी नोकरी हाय.”

मी ताईला फोन लावला. खूप वेळ वाजत राहिला. मग तिने उचलला. मी म्हटलं, “ताई, उशीर होतोय, तू पडून राहा, मी...”

“आई,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “ताई, अगं मी आहे.”

“आई, शाळेची घंटा झाली का गं? माझी वेणी राहिलीय.”

सत्तरीच्या पुढच्या माझ्या बहिणीने मला आई म्हटलं. पुढचं मी फार विचार करून केलं असं म्हणणार नाही. मी वाकले, रेषेवरचा डबा उचलला आणि रेषेपलीकडे पाय टाकला.

“ओ मावशी! थांबा!” शिपाई धावत आला, आणि रेषेवर येऊन असा गच्च थांबला, की पुढे नदी असावी. बुटांची टोकं रेषेला टेकलेली, अंगठाभर पुढे नाही. “ओ साहेब, रोको ना उनको!”

लाल टोपी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी त्याला वळसा घातला. तो बाजूला सरला, मी पुन्हा वळसा घातला. त्याने हात पुढे केले, आणि मला लागू नयेत म्हणून लगेच मागे घेतले.

“सिविलियन हैं,” तो शिपायाला ओरडून म्हणाला, “और लेडीज हैं। आपका केस है!”

“अहो, पण माझी हद्द संपली ना इथं!”

“तो मैं कैसे रोकूँ?”

“मग मी कसा रोकू?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी त्या रेषेला भीत होते, आणि रेषेच्या पलीकडे मला अडवणारं या अख्ख्या देशात कुणीच नव्हतं! एकाला मी चालत होते पण जागा चालत नव्हती, दुसऱ्याला जागा चालत होती पण मी नव्हते. मी चालत राहिले. मागे दोघांचं भांडण ऐकू येत होतं, एक हिंदीत, एक आमच्या भाषेत, आणि दोघांचंही म्हणणं अगदी बरोबर होतं.

माझ्याच्याने पळवत नाही. गुडघे आहेत. पण त्या दिवशी मी बारा मिनिटांचा रस्ता किती वेळात कापला, ते त्या चुना फासलेल्या झाडांना विचारा.

दार नुसतं लोटलेलं होतं. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसली होती. पोलकं घामाने अंगाला चिकटलेलं, ओठ पांढरे, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी रिकामा केलेला. ती त्याच्यात हात घालून बोटांनी तळ चाचपत होती, एकसारखी, आणि मला बघून तिने तो डबा छातीशी धरला. जणू मी तोही न्यायला आले आहे.

माझ्या डब्यात दुधीची भाजी, पोळी, ताक. घास तोंडात ठेवला तर तिला तो चावतच येईना. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवत होतं, साखर द्या, पटकन. पण घरात साखर कुठे होती? सगळी मीच नेली होती, तिच्या भल्यासाठी. मी फळ्या उघडल्या, बरण्या उघडल्या, मीठ, तिखट, हळद. त्या दोघा पोलिसांना मी इतकी नावं ठेवते, तर माझंही सांगायला हवं. माझ्याइतकी चोख नाकाबंदी त्या दोघांना मिळून जमली नव्हती.

मग देवघराकडे लक्ष गेलं. देवापुढे नैवेद्याची साखरेची वाटी होती. झडतीच्या दिवशी तिला हात लावायचं धाडस मला झालं नव्हतं. साखरेत मुंग्या झाल्या होत्या. निवडत कुठे बसू? मुंग्यांसकट पेल्यात ओतली, पाणी घातलं, बोटाने ढवळलं आणि तिचं डोकं धरून घोटघोट पाजलं. बाजूला सांडत होतं, तरी जात होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. देवाला काय म्हणत होते ते आठवत नाही, बहुतेक त्यालाही बोलणी बसली असणार.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे खरोखर माझ्याकडे.

“पाण्यात मुंग्या आहेत,” ती म्हणाली.

मी रडायला लागले. ती म्हणाली, “रडतेस काय? मुंग्या मी गिळल्या.”

मग तिने पोळी खाल्ली, ताक प्यायली, आणि विचारलं की किती वाजले. सव्वादोन म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “हे काय जेवण्याचं वेळापत्रक झालं?”

मी त्या दिवशी तिथेच राहिले. ह्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “तू रेषा ओलांडलीस?” त्यांच्या आवाजात काळजी होती की हेवा, मला कळलं नाही.

संध्याकाळी मी ताईला म्हटलं, आता माझ्या घरी चल. ती ऐकेना. सुभेदारांचा फोटो इथे, त्यांची खाट इथे, आणि परक्याच्या घरात, म्हणजे माझ्या, तिला झोप येत नाही. मी सगळी अस्त्रं काढली, रडणं, ओरडणं, डॉक्टर. काही चालेना. सकाळी उठून ती स्वतःच म्हणाली, “मी रात्री विचार केला. तू अशीच रोज घुसशील, आणि एक दिवस तुला आत टाकतील. मग मला डबा कोण आणणार?” एवढं बोलून ट्रंक ओढायला लागली. माझ्यासाठी नव्हे, डब्यासाठी येतेय, हे तिने मला दोनदा ऐकवलं.

गल्लीतल्या एका भल्या गृहस्थांनी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि आम्ही निघालो. ताई काठी टेकत, दर चार झाडांना थांबत. नाक्यावर पोचलो तर तिथे आता तिसरी खुर्ची. खुर्चीत महिला होमगार्ड. म्हणजे दोन्ही खात्यांनी रातोरात एकमेकांना फोन केला होता! डब्यासाठी जी पद्धत नव्हती, जी सिस्टम नव्हती, ती एका म्हातारीला थोपवायला बरोबर सापडली. माझ्यामुळे दोन खात्यांचं एकमत झालं, ही देशसेवाच म्हणायची.

होमगार्ड बाई नवी, उत्साही. उठून म्हणाली, “पास दाखवा.”

“अगं, आम्ही बाहेर जातोय.”

ती शिपायाकडे वळली. शिपाई लाल टोपीकडे. आत जाणाऱ्याला अडवायची ऑर्डर होती, बाहेर येणाऱ्याबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं. मग लाल टोपीने आपली वही काढली आणि लिहिलं: सुभेदार साहब की पत्नी, एक, बाहर. ट्रंक रेषेवर ठेवली. शिपायाने ती अलीकडून उचलली आणि आपल्या वहीत लिहिलं: पब्लिक, एक, आत. ताई दोन्ही वह्यांकडे डोळे बारीक करून बघत होती. तिला अक्षरं दिसत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. लग्नानंतरची सगळी वर्षं ती फौजेची होती. एका पावलात, काठी उचलून पुढे ठेवीपर्यंत, ती पब्लिक झाली.

लाल टोपीने कडक सलाम ठोकला. ताई रेषेपाशी थांबली, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्याला न्याहाळलं आणि म्हणाली, “टोपी सीधी करो. सुभेदार साहब होते तो पूरा दिन धूप में खड़ा करते।”

“वो तो मैं वैसे भी खड़ा हूँ, माताजी,” तो म्हणाला. पण टोपी सरळ केली. इकडे शिपायाने घाईघाईने शर्ट आत खोचला.

ताईने रेष ओलांडली. शिपाई ट्रंक आमच्या दारापर्यंत पोचवायला आला, स्वतःच्या हद्दीतून, छाती काढून. जाताना हळूच म्हणाला, “मावशी, काल मी रेषेवर थांबलो त्याचं वाईट वाटून घेऊ नका.” मी म्हटलं, “तू थांबलास म्हणून तर मी पोचले.” त्याला ते कौतुक वाटलं की टोमणा, कुणास ठाऊक. मलाही नीट सांगता येणार नाही.

आता ताई माझ्याकडे आहे. पावणेएकला सुई, आणि एकला मी ताट वाढायला घेतलेलं असतं. पोळी वातड आहे, भाजीत मीठ कमी आहे, आमच्या ह्यांच्या टीव्हीचा आवाज मोठा आहे, हे तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. ती माझ्यासमोर बसून घास चावते, ते बघत मी हात पुसत उभी राहते. सीमेवर तर केव्हाच शांत झालं. सोसायटीची संरक्षण समिती पुन्हा गाड्यांच्या जागेवरून भांडायला लागली. नाका मात्र तसाच आहे. तिन्ही खुर्च्या रोज भरतात.

परवा जेवताना ताईने विचारलं, “नाका कधी उठतोय गं? मला घरी कधी जाता येईल?”

मी म्हटलं, “उठेल की. आता लढाई थांबलीच आहे.”

तिने भातात वरण कालवलं, एक घास घेतला, सावकाश चावला. साऱ्या आयुष्यात तिने छावण्या पाहिल्या होत्या.

“असं कर,” ती म्हणाली, “त्या शिपायाला सांगून टँकरवरून माझ्या थंडीतल्या गोधड्या तेवढ्या आणवून घे.”